घर सांभाळलेल्या ताईला टीम का जड जातेय?

तुझा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडते, काही चुकलं असेल तर सांग. तू कळव्याची, वय २८, तीन भावंडांत मोठी. बारावीला असताना बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला, आई शिवणकाम करायची, त्यामुळे रेशनच्या लाइनपासून धाकट्या भावाच्या डिप्लोमाच्या फीपर्यंत सगळं तूच बघितलंस. आता ऐरोलीला एका बॅक ऑफिसमध्ये मेडिक्लेमचं काम करतेस, सहा महिन्यांपूर्वी टीम लीड झालीस, हाताखाली नऊ जण. तेव्हा सगळे म्हणाले, तुला काय कठीण, तू तर घर चालवलंयस. आणि आज अवस्था अशी की टीम सातला निघते आणि तू साडेनऊला ऐरोली स्टेशनवर उभी, लोकांच्या पेंडिंग केसेस क्लोज करून, मग ठाणे, ठाण्याहून परत उलटं कळवा (ती कळवा-ऐरोली रेल्वे लिंक होईल तेव्हा होईल). तुझे प्रश्न तीन: घरी जमलं ते इथे का जमत नाही, म्हणजे मी लीडर नाहीच का, पुढच्या महिन्यात असिस्टंट मॅनेजरच्या इंटरव्ह्यूला घरचं सांगू का, आणि टीममधले एक पन्नाशीचे सहकारी तुझं ऐकत नाहीत, त्यांचं काय करू.

मी ठाण्यातली. वीसेक वर्षं वेअरहाऊसमध्ये काढली, आधी भिवंडी आणि मग महापे-तुर्भे पट्टा, औषधांचं डिस्ट्रिब्युशन. पिकिंग-पॅकिंगच्या, म्हणजे रॅकमधून ऑर्डरचा माल काढून भरणाऱ्या, पोरापोरींमधून टीम लीडर, सुपरवायझर निवडायचे आणि त्यांना उभं करायचं हा माझ्या कामाचा मोठा भाग. त्यामुळे तुझ्यासारखी मुलं मी भरपूर पाहिलीत, कारण प्रमोशनला पहिलं नाव नेहमी त्यांचंच निघतं. वेळेवर येतात, कटकट करत नाहीत, सांगितलेलं विसरत नाहीत. आणि प्रमोशननंतर सगळ्यात जास्त दमतात तीही हीच. वयाने मोठी आहे म्हणून तू म्हणतेय, चालवून घे.

‘मी लीडर आहे की नाही’ हा प्रश्न आधी सोडून दे. त्याचं उत्तर काहीही आलं तरी तुझी साडेनऊची लोकल साडेसातची होणार नाहीये.

मला दिसतं ते असं, की घरात तू दोन वेगळी कामं करत होतीस आणि ती एकात एक मिसळून गेली. एक म्हणजे सगळ्यांची कामं स्वतः उरकणं. दुसरं म्हणजे ज्यांच्यावर तुझा काडीचा अधिकार नव्हता त्यांच्याकडून कामं करून घेणं. पहिल्याचं नातेवाइकांनी कौतुक केलं, पोरगी गुणाची म्हणाले, त्यामुळे तुलाही तेच आपलं भांडवल वाटतं. दुसरं कोणाला दिसलंच नाही. आता तूच काय लिहिलंयस बघ. काकांकडे पैसे न मागता तू त्यांना मंगळवार आणि शुक्रवार बाबांना फिजिओला न्यायची जबाबदारी दिलीस आणि त्यांनी ती दोन वर्षं निभावली. भाऊ अभ्यासाला बसत नव्हता तर रोज रात्री स्वतःची पुस्तकं घेऊन त्याच्या शेजारी बसायचीस. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने पंचावन्न वर्षांच्या काकांना दोन वार ठरवून दिले आणि त्यांनी ते पाळले, हे सोपं नाहीये बाई. माझ्याकडे हातात अधिकार असलेले मॅनेजर आहेत ज्यांना हे जमत नाही. तर ऑफिसात तू पहिलं काम घेऊन गेलीस, आणि तिथे पगार मिळतोय तो दुसऱ्याचा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही आधीच सांगते, नाहीतर म्हणशील मावशीने सांगितलं आणि झालं काहीच नाही. नऊ जणांत नवीन किती आणि जुने किती, त्यांच्या रजा आणि अप्रेझलमध्ये तुझा शब्द चालतो की नुसतं नावाला लीड आहेस, आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोजच्या केसेस भागिले नऊ केल्या तर माणशी जो आकडा येतो तो एका माणसाला शिफ्टमध्ये खरंच होण्यासारखा आहे का. हे शेवटचं गणित आधी कर. बारा जणांचं काम नऊ जणांवर टाकलेलं असेल तर मी खाली लिहितेय त्यातलं काहीही करून उपयोग नाही, तेव्हा एक महिन्याचे आकडे काढून मॅनेजरकडे जायचं. थोरली मुलं इथे हमखास अडकतात, कारण घरात माणसं वाढवून मागता येत नाहीत, आहे त्यात भागवायचं असतं, आणि तीच सवय ऑफिसात येते. ऑफिसात मागता येतात. मिळतीलच असं नाही, पण मागितल्याचा मेल तरी राहतो.

तुझ्या कामाला घड्याळ आहे हेही मला माहितीय. २०२४ च्या मे महिन्यात आयआरडीएआयचं, म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, मास्टर सर्क्युलर आलं, त्यात कॅशलेसच्या रिक्वेस्टवर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जचं फायनल ऑथरायझेशन तीन तासांत, आणि तीन तासांच्या वर उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते इन्शुरन्स कंपनीने सोसायचे. म्हणजे स्क्रीनवर केस लाल झाली की तुझा हात आपोआप माऊसकडे जाणार. त्यात तू स्वतः बाबांच्या डिस्चार्जला बिलिंग काउंटरसमोर बसून राहिलेली, तुला त्या केस नंबरमागे बाकावर बसलेलं कोणीतरी दिसतं. हे घालवू नकोस, शिकवून येत नाही ते. पण नऊ जणांच्या लाल केसेस तू एकटी उघडत बसतेस तेव्हा पुढचा तास कसा जाणार, कुठल्या हॉस्पिटलकडून एकदम लोड येतोय, नवीन मुलगी गेली वीस मिनिटं एकाच केसवर का अडकलीय, हे बघायला त्या फ्लोअरवर कोणीच उरत नाही.

आमच्याकडे एक मुलगा होता, दिघ्याचा, चार भावंडांत थोरला, वडील लवकर गेलेले. पिकिंगला एक नंबर. कुठल्या रॅकला कुठली बॅच आणि त्यातली कुठली आधी एक्स्पायर होतेय ते लिस्ट न बघता सांगायचा. औषधांत ज्याची एक्स्पायरी आधी ते आधी बाहेर काढायचं असतं, माल आत कधी आला त्याला महत्त्व नाही, आणि नवीन पोरांच्या हे अंगवळणी पडायलाच महिना जातो. तर ह्याला टीम लीडर केला. महिनाअखेर आमच्याकडे सगळ्यांची बोंब असते, प्रत्येक कंपनीला बिलिंग शेवटच्या तीन-चार दिवसांतच हवं असतं. हा पठ्ठ्या स्कॅनर घेऊन स्वतःच पिकिंगला, सगळ्यात जास्त लाइन्स (ऑर्डरमधल्या एकेका मालाच्या नोंदी) त्याच्याच. आणि तिकडे लोडिंग बेला इन्सुलिनचे बॉक्स जेल पॅक घालून सील होऊन पडलेले, इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत राहायला पाहिजे, जेल पॅक किती तास धरणार ते ठरलेलं असतं, गाडी अजून लागलेली नाही, आणि ती गाडी लागली का हे बघायचं काम ज्याचं तो मागच्या रॅकवर गोळ्यांची खोकी मोजतोय.

ओरडून काही उपयोग नव्हता, सगळ्यांपेक्षा जास्त तोच राबत होता ना. मी त्याचा स्कॅनरच काढून घेतला. म्हटलं शिफ्टचे पहिले दोन तास तुझ्या हातात वही आणि पेन, बस. फ्लोअरवर फिर, कोण कुठे अडकलंय ते लिही, त्याला सोडव, पण एकही लाइन स्वतः पिक करायची नाही. पहिले दोन दिवस बिचारा हात कुठे ठेवू कुठे नको असा फिरत होता, दोनदा दुसऱ्याचा स्कॅनर उचलताना मी बघितला. आकडे पडले, वरून फोन आले, ते फोन मी घेतले. हे मुद्दाम लिहितेय, कारण शिकणाऱ्याच्या पाठीशी तो फोन घेणारं कोणीतरी लागतं, तुझ्या मॅनेजरशी आधी बोलून घे की दोन-तीन आठवडे नंबर थोडे हलतील. महिनाभरात दोन पोरं त्याच्या स्पीडच्या जवळपास आली. आधी त्यांना तिथपर्यंत जायची गरजच नव्हती, दादा होता ना सगळं उरकायला.

तुझा स्कॅनर म्हणजे तुझं केस उघडायचं लॉगिन. सकाळचे पहिले दोन तास ते वापरायचं नाही. केसेसचा क्यू बघ, माणसं बघ, लिहून काढ.

मग काम सोपवायचं कसं. थोरल्या भावंडाची सोपवायची पद्धत म्हणजे ‘तू फक्त एवढं कर, बाकी मी बघते’. घरी आठव, भावाला मेडिकलमध्ये पाठवायचीस ना, पण कुठली गोळी संपत आलीय, कुठल्या दुकानात पॉवर बरोबर मिळते, चिठ्ठी जुनी झालीय का, हे सगळं तुझ्या डोक्यात. तो नुसता पिशवी घेऊन जाऊन येणार. दहा वर्षं तो जाऊन आला तरी औषधांचं काम त्याला येणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. टीमला पण तू असंच तुकड्या-तुकड्यात काम देत असणार, माझी खात्री आहे. त्याऐवजी अख्खं काम दे. समजा अमुक दोन हॉस्पिटलं एकाची: त्यांच्या क्वेरी, राहिलेली डॉक्युमेंट मागवणं, त्यांच्या इन्शुरन्स डेस्कशी बोलणं, फॉलोअप, सगळं त्याचं. काम झालं म्हणजे काय झालेलं असलं पाहिजे हे एका वाक्यात सांग आणि त्याच्याकडून ते त्याच्या शब्दांत वदवून घे, शाळेतल्यासारखं वाटतं पण निम्मे घोळ तिथेच कळतात. आणि बघायची वेळ आधीची ठरव. डेडलाइन सहाची असेल तर चारला बघायचं. चारला कमी पडतंय दिसलं तर ते भरून काढायला त्याच्याकडे दोन तास असतात. सहाला दिसलं तर ते भरून काढणारी फक्त तू उरतेस, आणि तुझ्याकडे रोज सहालाच बघणं होतंय असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं.

तरी कोणीतरी येणारच, ताई हे होत नाहीये, जरा बघ ना. त्याच्या खुर्चीत बसायचं नाही. शेजारी खुर्ची ओढ, माऊस त्याच्याच हातात राहू दे, आणि विचार की तुझ्या मते पुढे काय करायला हवं. भावाच्या शेजारी तू स्वतःची पुस्तकं घेऊन बसायचीस, त्याची गणितं सोडवून देत नव्हतीस, बरोबर? येतंच तुला हे. क्लेम रिजेक्ट करण्यासारखी केस, मोठी रक्कम, फ्रॉडचा वास, चिडलेल्या नातेवाइकाची कंप्लेंट, ही मात्र तुझ्याकडेच यायला हवीत आणि तसं टीमला स्पष्ट सांग. रिजेक्शन तर तसंही रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, त्यामुळे त्यात कोणी एकट्याने शहाणपणा करायचा नाही, तूसुद्धा नाही.

घरात शिकलेली अजून एक गोष्ट इथे उलटते, ती म्हणजे वाईट बातमी पोटात ठेवणं. बाबांना कळू दिलं नाही की एफडी मोडली, आईला सांगितलं नाही की भावाचा एक विषय राहिला. घरात ती माया असते, माणूस आजारी असतो, त्याला कशाला अजून. पण मॅनेजर आजारी नाहीये. दुपारी बाराला ‘आज चाळीस केसेस राहतील असं दिसतंय’ सांगितलंस तर तो दुसऱ्या टीममधून दोन माणसं काढून देऊ शकतो, साडेसहाला सांगितलंस तर तो फक्त चिडू शकतो. आणि तू न सांगता रात्री बसून संपवल्यास तर त्याच्या दृष्टीने तुझ्या टीमला काही प्रॉब्लेमच नाही, मग पुढच्या महिन्यात अजून एक क्लायंट तुझ्याकडे. बघ आठवून, झालंय का असं.

आता गणपतीच्या रजांबद्दल थोडं लांबण लावणार आहे, कारण तुझ्या पोस्टमधला मला सगळ्यात खटकलेला भाग तोच. तू लिहिलंयस की मागच्या वर्षी भांडण नको म्हणून गणपतीत तूच सगळे दिवस ड्युटी घेतलीस आणि तरी लोक नाराज. साहजिक आहे. तू थांबल्याने एक माणूस वाढला, पण कोणाला पाच दिवस मिळाले, कोणाला दोन, का, हे कोणालाच कळलं नाही. ठाणे-नवी मुंबईतल्या टीममध्ये निम्म्यांचं गाव कोकणात असणार, त्यांना घरचा गणपती चुकवून चालत नाही, आणि ज्यांचं गाव कोकणात नाही त्यांनी दरवर्षी काय पाप केलंय? भावंडांत वाढलेल्या माणसाला हे आतून माहीत असतं: आंब्याची फोड कोणाला मोठी गेली ते बरोबर दिसतं, आणि एकदा कारण कळलं की लहान फोडसुद्धा चालते. यंदा असं कर. कोकण रेल्वेच्या तिकिटांच्या आधी रोस्टर लाव. १ नोव्हेंबर २०२४ पासून रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होतं, म्हणजे गणपतीच्या साधारण अडीच महिने आधी टीमला एकत्र बसवायचं. एकदा का कोणी तिकीट काढलं की मग तो रजा मागत नाही, कळवतो. बसवल्यावर कमीत कमी किती माणसं लागतात तो आकडा बोर्डवर लिही, मागच्या वर्षी कोणाला किती मिळाली ते शेजारी लिही, आणि म्हण, आता तुम्ही लावा. अर्धा तास गोंधळ होईल, होऊ दे. गौरीवाले, दीड दिवसवाले, दिवाळी हवी असलेले आपापसात देवाणघेवाण करतात, मी दरवर्षी बघते. आणि त्या बोर्डवर तुझंही नाव बाकीच्यांसारखं एका ओळीत असू दे. तू सगळे दिवस फुकट देऊन टाकलेस की बाकीच्यांना वाटाघाटी करायचं कारणच उरत नाही.

थोरलेपणाबद्दल एक आडवळण. लोक म्हणतात थोरली म्हणजे जन्मजात लीडर. २०१५ मध्ये जर्मन संशोधकांनी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांहून जास्त लोकांचा डेटा तपासला होता, त्यात जबाबदारपणा, मिसळून वागणं, भावनिक स्थिरता यांवर जन्मक्रमाचा परिणाम सापडला नाही. स्वीडनच्या एका अभ्यासात मात्र पहिली मुलं मॅनेजरच्या जागांवर जास्त प्रमाणात दिसली. म्हणजे गोष्ट सरळ नाहीये. मला स्वतःला वाटतं कितवं अपत्य यापेक्षा घरात तुमच्याकडे काय काम आलं त्याने फरक पडतो. आपल्याकडे तर चार भावंडांत सगळ्यात धाकटी मुक्ताबाई, पण ज्ञानदेव रुसून ताटी लावून बसले तेव्हा समजूत काढायला तीच उभी राहिली असं परंपरा सांगते. तेव्हा तुझ्या नऊ जणांतसुद्धा घरचा असा भार उचलणारं कोणीतरी असणार आणि ते कदाचित सगळ्यात ज्युनिअर असेल. शोधून ठेव.

थोडं जपून बोलायचा भाग. फॅमिली थेरपीत पॅरेंटिफिकेशन असा शब्द आहे, मुलाने घरात आईबापाची भूमिका घेणं, आणि त्यात कामाचं ओझं आणि भावनांचं ओझं असे दोन प्रकार धरतात. दुसरं जास्त पोखरतं. तू लिहिलंयस की आई अजून रोज रात्री सगळ्यांच्या तक्रारी तुझ्यापाशीच मोकळ्या करते, आणि ऑफिसातपण ब्रेकअप, सासूबाई, ईएमआय सगळं तुझ्याच डेस्कवर येतं, तुला झोप लागत नाही. ऐकून घेणं चांगलंच आहे, पण टीम लीडला एक वेळ ठरवता येते, चारच्या चहाला दहा मिनिटं, बाकी वेळी ‘नंतर बोलू’ म्हणायचं आणि खरंच नंतर बोलायचं. झोपेचं मात्र माझ्यासारखीच्या सल्ल्यावर सोडू नकोस. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिथून सुरुवात कर, मग लागलं तर डॉक्टर.

आणि सोपवायची प्रॅक्टिस घरापासूनच कर, तिथे नोकरी जात नाही. भाऊ आता कमावता आहे म्हणालीस. बाबांची औषधं आणि हॉस्पिटलची फाइल पूर्ण त्याच्याकडे. धाकट्या बहिणीकडे टोरंटचं बिल, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स. पहिल्या महिन्यात बिल एखादा दिवस उशिरा भरलं जाईल, फाइलमधले रिपोर्ट तारखेप्रमाणे लागलेले नसतील, आणि आई नक्की म्हणणार की ताईच करते बाई नीट. त्या वाक्याने आजवर तुझ्याकडून जेवढं काम करून घेतलंय तेवढं कोणीच घेतलं नसेल. हसायचं आणि फाइलला हात लावायचा नाही. औषधाचा डोस चुकणार असेल तरच मध्ये पडायचं, कागद वेडेवाकडे लागले म्हणून नाही.

इंटरव्ह्यू. घरचं सांग, पण शेवटी आणि दोन वाक्यांत. मी पॅनलवर बसते तेव्हा बघते, चांगली मुलं बाबांच्या आजारपणापासून सुरू करतात, डोळे भरतात, आम्हालाही वाईट वाटतं, आणि मग पॅनल हळूच विचार करायला लागतं की हिच्यावर आधीच एवढं आहे तर अजून कशाला टाका. आधी ऑफिसचं उदाहरण दे, रोस्टरचं दिलंस तरी चालेल, आणि मग म्हण: घरी वडिलांच्या आजारपणात दहा वर्षं सगळं को-ऑर्डिनेशन माझ्याकडे होतं, ज्यांना मी हुकूम देऊ शकत नव्हते अशा मोठ्या माणसांमध्ये कामं वाटून ती चालू ठेवली, तेच मी टीममध्ये करते. बस. सगळं मी एकटीने केलं असं चुकूनही म्हणू नकोस. ते आपल्याला अभिमानाचं वाटतं, पण पॅनलला त्यात ऐकू येतं की हिला सोपवता येत नाही. मी एक प्रश्न हटकून विचारते, उद्यापासून आठवडाभर तू आली नाहीस तर तुझ्या टीमचं काय होईल, आणि हा प्रश्न विचारणारी मी एकटी नाही. त्यामुळे इंटरव्ह्यूच्या आधी खरंच दोन दिवस रजा टाक, फोन फक्त मॅनेजरचा घ्यायचा, आणि परत आल्यावर काय काय अडलं त्याची यादी कर. ती यादी घेऊन इंटरव्ह्यूला गेलीस तर उत्तर पाठ करावं लागणार नाही.

राहिले ते पन्नाशीचे सहकारी. तू त्यांना काका म्हणतेस, म्हण, पण मग त्यांच्याशी घरच्या काकांसारखंच वाग. घरच्या काकांना तू मदत करा असं मोघम म्हणाली नव्हतीस, दोन वार दिले होतेस. ह्यांना टीममध्ये सगळ्यांदेखत काही सांगायचं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही, एकटं गाठायचं, कँटीनमध्ये नको, मीटिंग रूममध्ये. तुझ्या वयाची मुलगी वर आली याचा त्यांना सल असेल तर तो तुझ्या गोड बोलण्याने जाणार नाही, त्यात वेळ घालवू नकोस. त्यांना असं काम दे ज्यात त्यांची वर्षं उपयोगी पडतात, जुन्या पॉलिसींच्या अटी, किंवा नवीन दोघींना किचकट हॉस्पिटल बिलं वाचायला शिकवणं, आणि तारीख ठरवून दे. बऱ्याचदा माणूस एवढ्यावर वळतो. नाही वळला तर दुसऱ्यांदा तेच बोलणं कर आणि त्याच दिवशी साधा मेल टाक, आपलं अमुक ठरलं, अमुक तारखेपर्यंत. तिसऱ्यांदा मॅनेजरला सोबत घेऊन बस. घरात काका रुसले तर दिवाळीला आपण जाऊन पाया पडतो आणि मिटतं. इथे तसं मिटवायला जाऊन त्यांच्या वाटच्या केसेस स्वतःकडे घेऊ नकोस, बाकीचे आठ जण तेच बघत असतात.